जांभळ्या रंगावर विश्वास ठेवणाऱ्या डॉक्टरीणबाई

डॉ. सुलभा आचरेकर यांना मी प्रथम पाहिले ते वसईजवळच्या आमच्या गिरीजच्या घराच्या ओट्यावरून, भर दुपारी. त्या वेळी वाडीत कुणी जागे नसते. केळीची पानेसुद्धा माना टाकून निजलेली असतात आणि उन्हात सगळे पातळ होऊन तरंगल्यासारखे दिसते. अशा वेळी पांढऱ्या सुती पातळातल्या एक बाई, डोक्यावर काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी, केळीच्या रांगेतून सावकाश येताना दिसल्या. मला वाटले, मला डुलकी लागली आहे आणि हे स्वप्नातच चालले आहे. ओट्याशी येऊन त्यांनी पाणी मागितले, तेव्हा मी खरी जागी झाले.

मी तांब्या-भांडे आणून दिले. बाईंनी भांडे उजेडात धरले, पण तोंडाला लावले नाही.

"कुठलं पाणी हे?"

"आमच्या विहिरीचं. चांगलं गोड आहे."

"गोड असेल हो. पण जरा उकळा, निवू द्या, मग मला द्या. मी थांबते. मला घाई नाही."

आणि त्या खरोखरच थांबल्या. चुलीवर पाणी उकळले, परातीत भांडे ठेवून निववले, तोवर त्या ओट्यावर बसून आमच्या माडांकडे पाहत होत्या. त्या वर्षी आमच्या बाजूला काविळीची साथ होती आणि बाई अशाच घरोघर पाणी मागत फिरत होत्या, हे मागाहून कळले. उपदेश करायला आलेल्या माणसाला लोक ओट्यावरून वाटेला लावतात. तहानलेल्या माणसाला कसे लावणार?

माझ्या सासूबाई, ज्यांना सगळी वाडी 'माय' म्हणते, आतून हे ऐकत होत्या. आमच्या घरची बोली वेगळी आहे. त्यांचे बोलणे मी इथे छापील मराठीत मांडते. त्या मला मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "पाण्याला ताप आणायला आल्यात वाटतं या बाई!"

बाईंनी ते ऐकले आणि बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हो माय. पाण्याला ताप आला की मग माणसाला येत नाही."

माय बाहेर आल्या, त्यांनी बाईंना नीट निरखून पाहिले आणि हसल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात उकळल्याशिवाय पाणी कुणाला मिळाले नाही. मायला एखादी गोष्ट पटायला वेळ लागतो, पण पटली की त्या फादरांपेक्षा कडक होतात. देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, आणलेले पवित्र पाणी आजाऱ्याला पाजायचे, तर त्याचे काय करावे, असा पेच त्यांना एकदा पडला. त्या थेट दवाखान्यात जाऊन विचारून आल्या. बाई म्हणाल्या, "उकळून द्या. आशीर्वाद काही वाफेबरोबर उडून जात नाही." बाई स्वतः देवदेव करणाऱ्यांतल्या नाहीत. पण दुसऱ्याच्या श्रद्धेला त्यांनी कधी धक्का लावला नाही. कुणी खाटेच्या दांडीला रोझरी अडकवली, तर ती स्पिरिटने पुसून पुन्हा तिथेच अडकवून ठेवणार. हा त्यांचा स्वभाव मी पुढे रोज पाहिला.

ज्यांनी बाईंचा दवाखाना आतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. वसई गावातले जुने कौलारू घर, पुढे तपासायची खोली, बाजूला चार-सहा खाटा, आणि मागे, परसाकडे, जंतूंची खोली. बाई मुंबईला जंतुशास्त्र शिकल्या, तिथेच एका प्रयोगशाळेत त्यांनी उमेदीची वर्षे काढली. आमच्याकडे येताना त्यांनी दागिने आणले की नाही ठाऊक नाही, सूक्ष्मदर्शक मात्र मांडीवर घेऊन आल्या. मागच्या खोलीत एक लाकडी कपाट होते. आत दिवे लावून ते अंगाइतके उबदार ठेवायचे. वीज गेली की बाई स्वतः गरम पाण्याच्या पिशव्या भरून कपाटात ठेवत. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखे त्यांचे त्या कपाटाकडे लक्ष असे.

रक्तात जंतू शिरले आहेत का, हे बघण्याची त्यांची रीत आम्हा वाडीवाल्यांना चटकन समजली, कारण त्यांनी ती आमच्या भाषेत सांगितली. आजाऱ्याच्या शिरेतून रक्त काढून ते मांसाच्या निवळ रश्श्याच्या बाटलीत घालायचे, बाटली उबेत ठेवायची, मग त्यातला थेंब काचेच्या बशीवर पसरायचा. बशीत तोच रस्सा चायना ग्रास घालून गोठवलेला. "रक्त पेरायचं," बाई म्हणत, "आणि काय उगवतं ते बघायचं." मायने हे ऐकून विचारले होते, "रस्सा आणि चायना ग्रास? मग ते जंतू आपल्यापेक्षा बरं जेवतात की!"

बाईंचा एक नियम होता. बशीत काहीही उगवले, तरी ते का उगवले हे समजल्याशिवाय बशी टाकायची नाही. पुष्कळदा हवेतले, मातीतले, पाण्यातले जंतू चुकून बशीत पडतात. तपासणारे त्यांना कचरा म्हणून सोडून देतात. बाई म्हणत, "शेतात न पेरलेलं रोप आलं, तर आधी ते कशाचं ते बघावं. तण म्हणून उपटायला वेळ लागत नाही." हा नियम नुसता ऐकला असता तर मी विसरून गेले असते. पण त्या नियमावर माझ्या यजमानांचा जीव टांगलेला मी पाहिला आहे, म्हणून हा लेख लिहायला बसले. एरवी मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, घरखर्च लिहिणारी बाई, बाईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात लिहिणे हे माझे काम नव्हे.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सरत आला होता. देवळातल्या सगळ्या मूर्तींवर जांभळे कापड पांघरले होते. उन्हाळ्यात आमच्या वाडीतल्या बावखलाचे पाणी तळाला जाते. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे वाडीतले तळे. कडेने माड, मध्ये हिरवे, न हलणारे पाणी. त्यात आकाशही हिरवेच दिसते. पाणी आटले की गाळ काढायचा आणि केळीच्या बुंध्यांशी घालायचा, ही जुनी रीत. माझे यजमान पास्कल गाळात उतरले असताना पोटरीला जुन्या बांबूचा खुंट लागला. जखम बोटाच्या पेराएवढी. त्यांनी ती जखम म्हणून मोजलीही नाही.

झावळ्यांच्या रविवारच्याही आदल्या रविवारी, म्हणजे ईस्टरला दोन आठवडे असताना, मिस्सेच्या प्रार्थनेला जाताना त्यांना हीव भरले. दोन दिवसांत ताप असा चढला की ते मलाच विचारू लागले, "सेसिल कुठे गेली?" पाय सुजला, उजव्या बरगडीखाली हात लावू देईनात, मानेवर फोड उठले. बैलगाडीतून त्यांना बाईंच्या दवाखान्यात आणले. बाईंनी पेनिसिलिन सुरू केले आणि त्याच वेळी रक्त पेरले. पेनिसिलिनने काही उतार पडेना.

ते दिवस माझ्या आठवणीत एकाला एक लागून एकच लांब दुपार होऊन राहिले आहेत. खिडकीच्या झडपांतून येणारे उन्हाचे पट्टे, पंखा मध्येच थांबायचा, मग खाडीकडचा खारट वारा यायचा. मी खाटेशी बसून माळ ओढायची. ओढता ओढता डोळा लागायचा आणि वाटायचे, आमचे बावखल या खोलीत येऊन भरले आहे, खाट त्यावर तरंगते आहे आणि यजमान पाण्यात वाकून काहीतरी शोधत आहेत. दचकून जागी झाले की त्यांच्या श्वासावर कान लावायचा.

अशाच एका दुपारी बाईंनी मला मागच्या खोलीत बोलावले. "सेसिल, हे बघ," म्हणून त्यांनी एक बशी खिडकीच्या उजेडात धरली. पांढुरक्या थरावर जांभळे ठिपके होते. पिकलेल्या जांभळाचा नव्हे, त्याहून गडद, चकचकीत, देवळातल्या पांघरुणासारखा रंग. इतके सुंदर काही मी त्या खोलीत पाहीन असे वाटले नव्हते. मी विचारले, "हे औषध आहे का?"

बाई म्हणाल्या, "हे पास्कलभाऊंच्या रक्तातनं उगवलंय. हा जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. मी पुस्तकात वाचलाय, रक्तात कधी पाहिलेला नाही."

ती बशी त्यांनी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत माणूस देऊन पाठवली. तिकडून निरोप आला की हा पाण्यातला निरुपद्रवी जंतू दिसतो, बहुधा तुमच्या वापरायच्या पाण्यातून बशीत पडला असावा, पुन्हा तपासावे. निरोपात वावगे काही नव्हते. तेव्हा कुणीही तेच म्हटले असते. बाईंनाही राग आला नाही. उलट त्यांनी आधी स्वतःवरच संशय घेतला. खोलीतले पाणी, रस्सा, सुया, बशा, सगळे पेरून पाहिले. कशातूनही जांभळे उगवले नाही. मग त्या मला म्हणाल्या, "आता तुमच्या बावखलाचं पाणी हवं. त्यात हा जंतू निघाला, तर पायातनं रक्तात गेला असं मला धरता येईल. नाही निघाला, तर मी अंधारातच आहे."

त्यांनी उकळून घेतलेली एक बाटली दिली. मी वाडीतल्या माणसाबरोबर ती मायकडे पाठवली आणि निरोप दिला, बावखलाचे पाणी भरून द्या, डॉक्टरीणबाईंना हवे आहे. संध्याकाळच्या आत बाटली आली. स्वच्छ, पाणी आरशासारखे, तोंडाला धुतलेल्या फडक्याचा बोळा. बाईंनी ते पेरले. दोन दिवस वाट पाहिली. बशी कोरी!

इकडे यजमानांचे बोलणे बंद झाले होते. बाईंनी पुन्हा रक्त काढून पेरले होते, फोडातला पूही पेरला होता, पण त्यांचे उगवायचे होते. पेनिसिलिनचा उपयोग नाही, हे दिसत होते. दुसरी औषधे होती, पण ती जपून द्यायची होती. आणि ज्या जंतूसाठी द्यायची तो खरा की बशीत पडलेला, हेच ठरत नव्हते. मुंबईला हलवावे, तर एवढा प्रवास त्यांना सोसणार नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढ्या शहाण्या माणसाच्या चेहऱ्यावर 'मला ठाऊक नाही' इतके शांतपणे लिहिलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

पलीकडच्या खाटेवर पाचूबंदरच्या हिराबाई होत्या. मासळी निवडताना काटा हातात घुसला आणि हात काळानिळा पडला म्हणून बाईंनी त्यांना ठेवून घेतले होते. त्यांच्या रक्तात समुद्राच्या पाण्यातला जंतू निघाला होता. आता हात बांधून त्या बऱ्या होत आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बाय, रडू नको. माजा हात कापायचा बोल्ले व्हते समदे. बाईनं पयला इचारलं, काटा कंच्या मासलीचा? मी बोल्ले, त्याचं काय करायचंय? तं बोल्ली, मासली जिथं र्‍हाते तितलंच पानी तुज्या हातात गेलं. आता हात बग." आणि त्यांनी बांधलेल्या हाताची बोटे माझ्यापुढे हलवून दाखवली.

हिराबाईंचे ते बोलणे बाईंनी दारातून ऐकले. त्या छत्री उचलून म्हणाल्या, "सेसिल, चल. मला पाणी नको, मला बावखल बघायचंय."

टांग्याने आम्ही गिरीजला आलो. पुन्हा तशीच दुपार, तीच निजलेली वाडी. माय ओट्यावर माळ ओढत बसल्या होत्या. बाईंना बघून उठल्या, आणि आधी काय केले असेल, तर उकळून ठेवलेले पाणी आणून पुढे केले. बाई ते प्यायल्या. मग म्हणाल्या, "माय, मला पाठवलेलं बावखलाचं पाणी तुम्ही कुठनं भरलंत? काठावरनं की तळातनं?"

"तळातनं. सगळा गाळ आला होता हो बरोबर."

"गाळ? बाटलीत तर काही नव्हतं."

"कसं असेल? दोनदा फडक्यानं गाळलं. मग चांगलं खळखळून उकळलं, निववलं, मग भरलं. बाटलीसुद्धा पुन्हा राखेनं घासली. तुमच्या घरी का घाण पाणी पाठवायचं आम्ही?"

माय पुढे म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलंत ना, उकळल्याशिवाय पाणी कुणाला द्यायचं नाही म्हणून?"

त्यावर बाई जे हसायला लागल्या, ते त्यांना आवरेना. ओट्याच्या खांबाला धरून हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी आले. मी इतक्या दिवसांत प्रथमच हसले, आणि हसता हसता रडले. एकट्या माय गंभीर होत्या. "यात हसण्यासारखं काय आहे?" असे त्या विचारत होत्या.

"काही नाही माय," बाई म्हणाल्या, "चूक माझी. शिकवलं मीच. अर्धंच शिकवलं." मग एकाएकी त्यांचे हसू थांबले. "माय, पास्कलभाऊंना माझ्याकडे आणलंत, तेव्हा त्यांचा पाय असाच धुऊन आणला होता का?"

"म्हणजे काय! साबणानं धुतला, कोमट पाण्यानं. डॉक्टरपुढे चिखलाचा पाय ठेवायचा?"

"चिखल होता पायाला?"

"होता म्हणजे, मीच लावला होता. खुंट लागला त्या दिवसापासून बावखलाच्या तळातला गार गाळ बांधत होते जखमेवर. आग शमते त्यानं. माझी सासूही हेच लावायची. तुमच्याकडे यायचं म्हणून सगळा काढला आणि पाय लख्ख केला."

बाईंनी मायचे दोन्ही हात हातात घेतले. रागाचा एक शब्द नाही. फक्त म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता मला दिसतंय." मग त्या बावखलाच्या काठी उतरल्या, पातळ खोचून चिखलात वाकल्या, आणि पिशवीतून काढलेल्या दुसऱ्या बाटलीत स्वतःच्या हाताने तळाचा गाळ भरला. हिरव्या पाण्यात त्यांची पांढरी सावली हलत होती. ते चित्र अजूनही मिटल्या डोळ्यांपुढे येते.

परत जाताना टांग्यात त्या म्हणाल्या, "गाळ उगवायची वाट मी पाहणार नाही. एवढं मला पुरे. पण तुला एक सांगायला हवं, सेसिल. दोन औषधं देणार आहे. एकानं कधीकधी मूत्रपिंड बिघडतं, ऐकू येणं जातं. दुसऱ्यानं, फार क्वचित, अंगात रक्त तयार होणंच थांबतं. जांभळा रंग खरा असेल, तर हीच दोन औषधं त्यांना वाचवतील. खोटा असेल, तर नसता धोका मी त्यांच्या अंगावर घातला असं होईल. तू काय म्हणतेस?"

मी विचारले, "बाई, तुम्हाला तो रंग खरा वाटतो का?"

"वाटतो."

"मग द्या. तुम्ही द्या, मी प्रार्थना करते. दोघी आपापलं काम करू."

"कर," बाई म्हणाल्या. "जोरात कर."

त्याच संध्याकाळी जेन्टामायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल सुरू झाले. मुंबईहून औषधे मागवायला बाईंनी आपला माणूस आधीच धाडून ठेवला होता, म्हणजे मनात त्यांचे केव्हाच ठरले होते. हिराबाईंना उकळलेल्या पाण्याची गोष्ट कळल्यावर त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला. माय लेकाला बघायला आल्या, तर हिराबाई खाटेवरून ओरडल्या, "काय गो माय, चिखलाचं पानी उकलून, गालून दिलंस? उद्या मी मासली बी घरूनच शिजवून बंदरावर इकायला नेऊ काय?" मायनेही सोडले नाही. म्हणाल्या, "ने की! निदान काटा तरी टोचायचा नाही!"

पुढच्या दोन दिवसांत बशा बोलू लागल्या. दुसऱ्या वेळच्या रक्तातून जांभळे. फोडातल्या पुवातून जांभळे. बावखलाच्या गाळातून, इतर कितीतरी बारीकसारीक जंतूंच्या गर्दीत, तेच जांभळे. बाईंनी मला आणखी एक बशी दाखवली. तिच्यावर औषधे भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवल्या होत्या. पेनिसिलिनच्या चकतीला जांभळा रंग अगदी चिकटून उगवला होता, जणू काही तिथे काही नाहीच. पण नव्या दोन्ही औषधांभोवती स्वच्छ वर्तुळे पडली होती, चंद्राला खळे पडते तशी. मी किती वेळ ते बघत उभी होते, सांगता येणार नाही. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीची दुपार होती ती. देवळात जाणे मला जमणार नव्हते. ते दोन चंद्र बघून मी तिथेच क्रुसाची खूण केली.

ताप ईस्टरला उतरला, असे लिहिता आले असते तर मला फार आवडले असते. पण बाईंविषयीच्या लेखात तसे खोटे लिहिणे शोभणार नाही. ईस्टरची घंटा झाली तेव्हाही यजमान तापातच होते. नंतर कुठल्याशा साध्या वारी, कुठलाही सण नसताना, सकाळी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहून विचारले, "केळीला पाणी कोण घालतंय?" आणि मी बाईंना हाक मारायला धावले. बाई आल्या, त्यांनी कपाळाला हात लावला, बरगडीखाली दाबून पाहिले, आणि खुर्ची ओढून नुसत्या बसून राहिल्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले. मला वाटते, त्या झोपल्याच होत्या. कंपाउंडरने त्यांना उठवू दिले नाही.

पण बाईंचे खरे काम यापुढे सुरू झाले. हा जंतू गेला असे वाटले तरी गेलेला असतोच असे नाही. अंगात कुठेतरी दडून पुन्हा उठतो, असे त्यांनी वाचले होते. यजमान घरी आले, जेवू लागले, वाडीत फिरू लागले, तरी गोळ्या चालूच. आमच्या घरात बरे वाटले की औषध बंद करायची पद्धत. उरलेल्या गोळ्या मी दुसऱ्या कुणाच्या तापासाठी जपून ठेवायची. काटकसरीची सवय ती. बाईंना हे ठाऊक होते. त्या वाट वाकडी करून गिरीजला येत, ओट्यावर बसत, आणि यजमानांना आपल्यासमोर गोळी घ्यायला लावत. "तुमच्या सूनबाई साखर उरवतात ते ठीक," मायला म्हणत, "पण औषध उरवायचं नसतं." पावसाळा लागला, बावखल पुन्हा काठोकाठ भरले, तेव्हा कुठे गोळ्या थांबल्या.

त्या घटनेपासून बाईंच्या तपासण्याच्या रीतीत एक प्रश्न वाढला. आलेल्या माणसाला त्या काय होतंय ते विचारतात, केव्हापासून ते विचारतात, आणि मग हळूच विचारतात, "माझ्याकडे यायच्या आधी काय काय धुतलंत, काय पुसलंत?" आमच्या लोकांना मोठ्या माणसाच्या दारात मळके काही न्यायला लाज वाटते, आणि आजाराची वाट नेमकी त्या मळातच उमटलेली असते. गोखिवऱ्याच्या कारखान्यांतले कामगार हातांचे ग्रीस काढून येतात, मिठागरातली माणसे पायांचा चिखल काढून येतात. बाई सगळ्यांना तेच सांगतात, "जसे आहात तसे या." त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांना त्या रोग्याचे घर, पाणी, कामाची जागा पायी जाऊन बघायला लावतात. मुंबईच्या त्या प्रयोगशाळेनेही नंतर मोकळेपणाने बशी पुन्हा मागवून घेतली. बाईंनी ती पाठवली, सोबत बावखलाचा गाळ पाठवला, आणि मायच्या उकळलेल्या पाण्याची हकीकतही कळवली. आपल्या हुशारीची हकीकत मात्र कळवली नसणार, हे मी त्यांना ओळखते म्हणून सांगते.

औषधाने आपले काही घेतलेच. यजमानांचा डावा कान गेला. बाईंना त्याची आजही रुखरुख आहे. भेटल्या की त्या आपोआप त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसतात. यजमान म्हणतात, "बाई, एक कान ठेवून घेतलात आणि बाकी सगळा पास्कू परत दिलात. एवढा स्वस्त सौदा वसईच्या बाजारात कुणाला मिळालाय?" बाई हसतात, पण डोळे दुसरीकडे वळवतात.

आता डॉ. सुलभा आचरेकर साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या सत्कारात मोठी माणसे बोलतील, त्यांच्या विद्येचे मोल सांगतील. ते मला सांगता येणार नाही. माझ्यापाशी सांगण्यासारखे एवढेच आहे की, आमच्या घरी संध्याकाळी दिवे लागले की माळेची प्रार्थना होते आणि शेवटी यजमान बाईंसाठी एक मागणे मागतात. कान गेल्यापासून त्यांना आपला आवाज किती मोठा होतो याचा अंदाज येत नाही. "हे परमेश्वरा, आमच्या डॉक्टरीणबाईंना दीर्घ आयुष्य दे, त्यांचे हातपाय धड ठेव, डोळे धड ठेव," हे ते अशा आवाजात मागतात की केळीपलीकडच्या घरी ऐकू जाते. सुरुवातीला मला संकोच वाटे. मग एका संध्याकाळी पलीकडच्या ओट्यावरून कुणीतरी "आमेन" म्हणाले. मग विहिरीकडच्या घरातून. आता रोजच म्हणतात. अंधार उतरत असतो, माणसे दिसत नाहीत, नुसते "आमेन" एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जात राहते आणि दूर, आम्हाला ऐकू येत नाही अशा ठिकाणी कुठेतरी थांबते. बाई, तुम्ही शंभरी ओलांडा आणि निरोगी ओलांडा. आमच्या गावाला हे मागणे आता पाठ झाले आहे, आणि ते थांबवायची कुणाचीच तयारी नाही.